मदत हवी आहे: बारावी कला, मराठी माध्यम. क्लॅटची तयारी करू की सीईटी लॉची?

नमस्कार. मी यंदा बारावीला आहे, कला शाखा, दहावीपर्यंत सगळं शिक्षण मराठी माध्यमात. बारावीनंतर पाच वर्षांच्या एलएलबीला जायचं हे पक्कं आहे आणि घरच्यांनाही मान्य आहे. अडलंय ते प्रवेश परीक्षेपाशी. आमच्या घरात किंवा नात्यात कोणी वकील नाही, त्यामुळे विचारायला माणूस नाही.

आतापर्यंत मला कळलेलं असं. राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठी क्लॅट. ती डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे बोर्डाच्या आधीच होते. पेपर फक्त इंग्रजीत, १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. महाराष्ट्रातल्या बाकीच्या लॉ कॉलेजांसाठी सीईटी सेलची परीक्षा. तिथेही १२० प्रश्न आणि दोन तास, पण संगणकावर, मराठी भाषांतरासह आणि वजा गुण नाहीत. दिल्लीचं राष्ट्रीय विधि विद्यापीठ क्लॅटमध्ये नाही, त्याची आयलेट वेगळी. सिम्बायोसिसची स्लॅट आणखी वेगळी. यात काही चुकलं असेल तर कृपया सांगा.

माझं मराठी वाचन भरपूर आहे. राज्यशास्त्र मनापासून आवडतं. इंग्रजी अग्रलेख वाचला तर कळतो, पण हळू. घड्याळ लावून क्लॅटचा जुना पेपर सोडवला, तर वाचून झालेल्या उताऱ्यांवरचे बहुतेक प्रश्न बरोबर आले, पण दोन तासांत निम्मा पेपरही वाचून होईना. आमचे एक सर म्हणतात, "क्लॅट तुझ्यासाठी नाही, सीईटीवर लक्ष दे." एका क्लासने दोन्हींची एकत्र बॅच घ्यायला सांगितलं आहे. ती फी भरायची तर घरात कर्ज काढावं लागेल, आणि तसं मला नको आहे.

सरांचं ऐकून क्लॅट सोडून द्यावी का? दोन्ही द्यायच्या तर अभ्यास एकच चालतो का? आणि सीईटीने गेलेल्या मुलांना पुढे वकिलीत कमी लेखतात, हे कितपत खरं?

प्रतिसाद

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. लहान आहेस म्हणून एकेरीत लिहिते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण मला वाटतं तीच भीती बाकी दोन प्रश्नांच्या मुळाशी आहे. वकिली करण्याचा परवाना, म्हणजे सनद, बार कौन्सिल देते. त्यासाठी मान्यताप्राप्त कॉलेजची पदवी लागते, आणि वकिली चालू ठेवायला ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हावी लागते. त्या परीक्षेत तू कोणत्या रस्त्याने आलीस हे कोणी विचारत नाही. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ पासून आहे, पुण्याचं आयएलएस १९२४ पासून, आणि दोन्हींचा रस्ता आज सीईटीतूनच जातो. मोठ्या कॉर्पोरेट लॉ फर्म मात्र नोकरीसाठी वरच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांत आधी जातात, हे खरं आहे आणि तुझ्यापासून लपवणार नाही. तसं काम हवं असेल तर क्लॅटचं वजन वाढतं. न्यायालयात उभं राहायचं असेल, न्यायाधीश व्हायचं असेल, तर पाच वर्षांत काय वाचलं, किती मूट कोर्ट (सरावाचे खोटे खटले) केली, कोणत्या वकिलांच्या हाताखाली इंटर्नशिप केली, यालाच महत्त्व.

आता अभ्यास. दोन्ही परीक्षांच्या विषयांची नावं जवळपास सारखी आहेत आणि त्यामुळेच मुलं फसतात. एकच मुद्दा घे: अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीने केलेला करार. सीईटीत सरळ विचारतील की असा करार कायद्याने कसा ठरतो. तुला 'शून्य' (मुळातच रद्दबातल) हे उत्तर माहीत असलं की दहा सेकंदांत गुण मिळाला. माहीत नसेल तर विचार करून ते सापडणार नाही. क्लॅटमध्ये आधी साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा येईल, त्यात नियम दिलेला असेल. मग गोष्ट येईल: सतरा वर्षांच्या मुलाने वय खोटं सांगून कर्ज घेतलं, आता सावकार काय करू शकतो? तिथे कायदा आधी माहीत असण्याची अपेक्षाच नाही. उताऱ्यातला नियम त्या गोष्टीला अचूक लावायचा. बाहेरून वाचलेलं ज्ञान मध्ये घुसवलं तर उत्तर चुकू शकतं.

म्हणून सीईटीला पाठांतर लागतं: राज्यघटनेची महत्त्वाची कलमं, घटनादुरुस्त्या, कायद्यातल्या संज्ञा, लॅटिन उक्ती. क्लॅटला वाचनाचा वेग लागतो. तर्क, चालू घडामोडी आणि इंग्रजी मात्र दोन्हीकडे उपयोगी पडतं. माझं मत विचारशील तर डिसेंबरपर्यंत क्लॅटच्या पद्धतीने वाच, आणि बोर्ड संपलं की सीईटीचं पाठांतर हातात घे. उलट क्रमाने हे जमत नाही, कारण वेग दोन महिन्यांत येत नाही आणि पाठांतर येऊ शकतं.

तुझ्या सरांशी मी सहमत नाही. वाचलेल्या उताऱ्यांवरची उत्तरं बरोबर येतात, म्हणजे क्लॅट जे तपासते ते तुझ्याकडे आहे. कमी आहे तो इंग्रजी वाचनाचा सराव. आणि हा सराव असाही टाळता येणार नाही. खालच्या न्यायालयांत आम्ही मराठीत युक्तिवाद करतो, पण घटनेच्या ३४८ व्या कलमामुळे उच्च न्यायालयाचं आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. बहुतेक निकालही इंग्रजीतच वाचावे लागतात. आज क्लॅट सोडलीस तरी पहिल्या सत्रात हेच वाचन समोर येणार.

एक उपाय सुचवते. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर अनेक निकालांची मराठी भाषांतरं मोफत आहेत. एक निकाल आधी मराठीत वाच, लगेच त्याचा इंग्रजी मूळ मजकूर वाच. अर्थ डोक्यात असल्यामुळे नजर पुढे सरकते आणि शब्दकोशाला हात कमी लागतो. सोबत रोज एक इंग्रजी अग्रलेख, घड्याळ लावून. प्रत्येक परिच्छेदाखाली एका ओळीत 'लेखकाचं म्हणणं काय' हे मराठीत लिहिलंस तरी चालेल.

कर्ज काढून क्लास लावू नकोस. क्लॅटचे मागचे पेपर संकेतस्थळावर आहेत.

प्रतिसाद

वरच्या ताईंनी अभ्यासाचं सविस्तर लिहिलंय, मी फक्त पुस्तकांबद्दल. जुनी गाइडं फुकट मिळाली तरी कायद्याच्या भागासाठी वापरू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलले. सीईटीत सरळ कलम विचारलं तर जुन्या पुस्तकामुळे येणारा प्रश्न चुकेल. घटनेच्या भागाला जुनं पुस्तक चालून जातं, पण अलीकडच्या दुरुस्त्या पाहून घ्या.

आणि सीईटीला वजा गुण नाहीत म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. क्लॅटची सवय लागलेली मुलं तिथेही प्रश्न सोडून येतात.

धागाकर्ती

ताई आणि दादा, दोघांचे खूप आभार. निकालाची युक्ती आजच करून पाहिली. खरंच वेगाने वाचून झालं, आणि अवघड वाटणारी वाक्यरचना दुसऱ्यांदा ओळखीची वाटली. क्लॅट देणार, हे आता ठरलं.

अजून दोन गोष्टी विचारते. क्लॅटचा अर्ज चार हजारांचा आहे, तेवढे जमतील. पण पुढची फी? मी ओबीसी प्रवर्गातली आहे. आणि कागदपत्रं कधी काढायला घ्यावीत? बारावीच्या निकालानंतर काढली तर चालेल ना?

प्रतिसाद

मी वर लिहिणारी वकीलच. निकालानंतर नको, या महिन्यातच सुरू कर. हुशार मुलांच्या जागा कागदांपायी जाताना मी पाहिल्या आहेत, म्हणून हे आग्रहाने सांगते.

अधिवास प्रमाणपत्र आणि जातीचा दाखला नसेल तर आधी ते दोन. जात पडताळणीला सर्वांत जास्त वेळ लागतो. वडिलांच्या बाजूच्या जुन्या शाळेच्या नोंदी मागतात, त्या शोधायला घरच्यांना आत्ताच सांग. कॉलेजमधून पडताळणीचा प्रस्ताव पाठवता येतो, तुमच्या कार्यालयात चौकशी कर. नॉन-क्रीमी लेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्र) मात्र मुदतीचं असतं, प्रवेशाच्या वर्षी वैध राहील असंच काढ. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच हवं.

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधि विद्यापीठं आहेत आणि तिन्हींत राज्याच्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत. त्यांचा हक्क क्लॅटच्या अर्जातच नोंदवावा लागतो. तो रकाना रिकामा सोडू नकोस.

फीचं गणित दोन्हीकडे फार वेगळं आहे. राष्ट्रीय विधि विद्यापीठांत वर्षाचा खर्च लाखांत जातो, शासकीय आणि अनुदानित कॉलेजांत त्याच्या कितीतरी खाली. शिवाय २०२४-२५ पासून राज्य सरकारने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून) जागा घेतलीस तर हा लाभ जातो. त्यामुळे सीईटीनंतर कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना घाईने कोट्याकडे वळू नकोस, आणि यादी करतानाच प्रत्येक कॉलेजच्या कार्यालयात विचार की ही माफी तिथे लागू आहे का. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो.

उत्पन्नाचा दाखला वडिलांना याच आठवड्यात काढायला सांग. नॉन-क्रीमी लेअरला तो आधी लागतो.