मदत हवी आहे: पीपीपीओई जोडणीवर डाउनलोड सुरळीत, अपलोड मात्र अडकते

ऐरोलीतील आमच्या कार्यालयात ब्रॉडबँडची पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन डायल करायची) जोडणी एका लिनक्स संगणकावरून डायल होते आणि त्याच संगणकावर आयपीटेबल्सची (लिनक्सच्या पॅकेट गाळणाऱ्या साधनाची) फायरवॉल चालते. पीपीपी० चा (या जोडणीच्या इंटरफेसचा) एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १४९२ बाइट आहे. बाहेर जाणाऱ्या सिन पॅकेटचा (टीसीपी जोडणी सुरू करणाऱ्या पॅकेटचा) एमएसएस, म्हणजे समोरच्याने एका पॅकेटमध्ये पाठवायच्या डेटाची कमाल मर्यादा, १४५२ वर आणल्यापासून सर्व संकेतस्थळे उघडतात. मात्र आतल्या संगणकांवरून मोठी फाइल चढवली की ती अडकते, फायरवॉलच्या संगणकावरून थेट चढवल्यास बिनबोभाट जाते. टीसीपीडम्पमध्ये (पॅकेट टिपणाऱ्या साधनात) १५०० बाइटचे तेच पॅकेट लॅनच्या कार्डावर पुन्हा पुन्हा दिसते, पीपीपी० वर एकदाही नाही. केबल आणि स्विच बदलून पाहिले आहेत. आउटपुट साखळीत (फायरवॉलच्या संगणकाने स्वतः पाठवलेल्या पॅकेटच्या नियमांत) आयसीएमपी (नेटवर्कमधील त्रुटी कळवणारे संदेश) बंद आहे (माझा संशय त्यावरच आहे), पण ते सरसकट उघडायचे नाही. तेव्हा प्रकार ३, कोड ४ (‘पॅकेट मोठे आहे, तुकडे करावे लागतील’) एवढाच संदेश लॅनकडे जाऊ देणे पुरेल, की आत येणाऱ्या सिन-अ‍ॅक (सिनला आलेल्या उत्तराच्या) पॅकेटचा एमएसएसही १४५२ करावा लागेल?