हिमोढावरच्या जंगलातला पांढरा पट्टा: ज्वालामुखीची राख की धुऊन निघालेली माती?

सातारकर_सिएटल

नमस्कार. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. नोकरीनिमित्त गेली आठ वर्षे सिएटलजवळ राहतो आणि उन्हाळ्यात जमेल तेव्हा माउंट रेनियर या ज्वालामुखी पर्वताच्या परिसरात पायी भटकतो. मागच्या महिन्यात पर्वताच्या ईशान्येला, व्हाइट रिव्हरच्या खोऱ्यातून वर चढणाऱ्या एका पायवाटेने जात होतो. वाट एका लांबट, जंगलाने झाकलेल्या उंचवट्यावरून जाते. जुन्या हिमनदीने कडेला लोटून ठेवलेल्या दगडमातीचा, म्हणजे हिमोढाचा, तो कणा आहे एवढे मला नकाशावरून कळले होते. तिथे वाऱ्याने एक मोठा हेमलॉक मुळासकट उन्मळून पडला होता आणि त्याच्या खड्ड्याची कड एखाद्या कापलेल्या केकसारखी उघडी पडली होती.

वर सुईसारख्या पानांचा कुजका थर, त्याखाली साधारण दोन बोटे जाडीचा पांढुरका पट्टा, मग तपकिरी-पिवळसर माती आणि त्याखाली करड्या रेतीत रुतलेले लहानमोठे दगड असा क्रम दिसला. सोबतच्या मित्राच्या मते तो पट्टा म्हणजे ज्वालामुखीची राख. मी मात्र असे वाचले आहे की थंड, ओल्या सूचिपर्णी जंगलात पाण्याने लोह धुऊन नेल्यामुळेही वरच्या मातीत असाच पांढरा थर तयार होतो. ही दोन्ही एकमेकांपासून ओळखायची कशी? आणि ती राखच असेल, तर तिच्यावरून हिमोढाचे वय सांगता येईल का?

आणखी एक शंका आहे. आमचा सगळा दख्खनही ज्वालामुखीचाच. मग तिथल्या काळ्या मातीत आणि या मातीत इतका फरक का?

मृदावेध

नमस्कार. मी मृदाशास्त्र शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते. तुमची शंका अगदी रास्त आहे, कारण या दोन गोष्टींची गफलत अनुभवी माणसांचीही होते. रंगावर विसंबून निर्णय करू नका. पट्ट्यातले कण, त्यातले दगड आणि पट्ट्याच्या लगेच खाली काय आहे, या तीन गोष्टी पाहा.

पाण्याने धुऊन निघालेला थर ही हिमोढाचीच माती असते. फक्त तिच्या कणांवरचे लोहाचे आणि सेंद्रिय द्रव्याचे लेप आम्लधर्मी पाण्याने उतरवलेले असतात. त्यामुळे हिमोढातले दगड त्या पांढऱ्या थरातही सापडतात. थराची खालची कड नागमोडी असते आणि जुन्या मुळांच्या वाटेने ती जिभेसारखी खोल उतरते. वरून धुतले गेलेले लोह, ॲल्युमिनियम आणि सेंद्रिय द्रव्य लगेच खाली साठते, म्हणून पांढऱ्याच्या खाली गंजाच्या किंवा कॉफीच्या रंगाचा थर असतो. अशा मातीला पॉडझॉल म्हणतात.

राख आकाशातून पडते. त्या दिवशी जमीन जशी होती तशी ती तिच्यावर चादरीसारखी पसरते, त्यामुळे जाडी बरीचशी एकसारखी राहते आणि हिमोढाचे दगड तिच्यात नसतात. झाड उन्मळून माती वरखाली झाली असेल तर गोष्ट वेगळी. सर्वांत बोलका पुरावा राखेच्या खाली असतो. राख पडली तेव्हा तिथे जंगल उभे असेल, तर त्या वेळचा पालापाचोळा आणि कधी कोळशाचे तुकडे गाडले जाऊन एक काळसर रेघ उरते. पांढऱ्याखाली गंज असेल तर पॉडझॉलची शक्यता अधिक, काळी रेघ असेल तर राखेची. मात्र राखेचा थर पृष्ठभागालगत असेल, तर तिच्यातूनही पुढे लोह धुतले जाते आणि मग एकाच पट्ट्यात दोन्ही गोष्टी घडलेल्या असतात. तेव्हा भिंगाखाली ज्वालामुखी काच दिसते का, यावरच निवाडा करावा लागतो.

तुम्ही सांगितलेल्या जागी पृष्ठभागालगतच्या पांढऱ्या राखेचा पहिला संशयित रेनियर नव्हे, तर दक्षिणेकडचा माउंट सेंट हेलेन्स आहे. त्याच्या एका मोठ्या उद्रेकाची पांढरी, वाळूएवढ्या कणांची राख ईशान्येकडे गेली आणि रेनियरच्या पूर्वेकडच्या उतारांवर पडली. या थराला ‘डब्ल्यू’ हे अक्षर दिलेले आहे आणि झाडांच्या वाढकड्यांवरून तो उद्रेक १४७९-८० या काळातला ठरला आहे. त्याच्या खाली रेनियरचा स्वतःचा तपकिरी ‘सी’ थर आहे, सुमारे २,२०० वर्षांपूर्वीचा. त्याहून खाली सेंट हेलेन्सचा पिवळसर ‘वाय’ थर येतो, आणि आणखी खाली पिठासारखा मऊ, फिकट नारिंगी ‘ओ’ थर. हा ‘ओ’ थर ऑरेगॉनमधल्या माउंट मझामाचा. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी तो पर्वत स्वतःतच कोसळला आणि त्या खळग्यात आजचे क्रेटर लेक साठले. तिथून रेनियर सव्वाचारशे किलोमीटरहून दूर आहे, तरीही त्याची राख इथे बोटभर जाडीची मिळते.

एक विनंती: ते राष्ट्रीय उद्यान आहे. परवानगीशिवाय तिथे खणणे किंवा माती घरी आणणे नियमात बसत नाही. उन्मळलेल्या झाडाचा खड्डा आणि वाटेची कड यांवरच काम भागवा.

कुकडीकाठ

दख्खनविषयीच्या शंकेला मी उत्तर देतो. माझे शिक्षण भूशास्त्रातले आहे आणि मी पुण्यात राहतो.

दख्खनचा बेसाल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वाहत आलेला आणि थरावर थर साचून सावकाश निवालेला लाव्हा. सावकाश निवाल्यामुळे त्यात नीट घडलेले स्फटिक आहेत. आपल्या पठारावरच्या कमी पावसात ते झिजताना कॅल्शियम, मॅग्नेशियम मातीतच राहतात आणि ओलाव्याने फुगणारी, उन्हात भेगाळणारी चिकणमाती तयार होते. राखेचे तसे नाही. ती हवेत क्षणात गोठलेली काच असते. तिच्यातल्या अणूंना स्फटिकात रचून बसायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून ती लवकर झिजते आणि तिच्यापासून ॲलोफेन, इमोगोलाइट यांसारखी अर्धवट रचनेची, अतिसूक्ष्म पोकळ्यांची द्रव्ये बनतात. काळ्या मातीचे ओले ढेकूळ हाताला जड आणि चिकट लागते. राखेची माती त्याच आकाराची घेतली तरी हलकी वाटते, आणि दोन बोटांत चोळली की आधी घट्ट वाटून मग एकाएकी ओलसर, निसरडी होते. एका सहलीत जपानमध्ये मी ती हातात घेतली होती, तो स्पर्श अजून आठवतो. तिथे ती गडद रंगाची असते, आणि ‘अँडोसॉल’ या नावातला ‘अँडो’ हा भाग ‘काळी माती’ या अर्थाच्या जपानी शब्दांवरूनच आला आहे. शब्द तोच, माती मात्र आपल्या काळ्या मातीहून सर्वस्वी निराळी.

दूरच्या ज्वालामुखीची राख महाराष्ट्रातही आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे गाळाच्या थरांमध्ये ती सापडते. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी तिचा संबंध जोडला जातो. ती सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची की त्याहून जुन्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद आहे. पण ती नदीच्या गाळात गाडलेली आहे. तिच्यावर जंगल वाढून माती घडण्याची प्रक्रिया तिथे झालेली नाही, म्हणून तिची तुलना रेनियरच्या थरांशी मर्यादितच करावी.

वनवाटा

मी उत्तर आयडाहोमध्ये वनव्यवस्थापनाचे काम करते. मझामाचा उल्लेख आला म्हणून राहवले नाही, कारण आमच्याकडचे जंगल त्या राखेवरच उभे आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

क्रेटर लेकपासून आम्ही सुमारे ७०० किलोमीटर दूर. तरीही सेलकर्क पर्वतात हिमोढांवर आणि हिमनद्यांनी पसरलेल्या दगडमातीवर राखेचे पांघरूण आहे, आणि पुष्कळ ठिकाणी ते ३० ते ५० सेंटिमीटर जाड असते. फावडे मारले की फरक हाताला आधी कळतो. वरच्या पिवळट-तपकिरी मातीत ते लोण्यात गेल्यासारखे जाते, आणि मग एका ठरावीक खोलीवर खणकन दगडावर आपटते. तो खणखणाट म्हणजे हिमोढ सुरू झाला.

ही राख सगळीकडे सारखी टिकलेली नाही. उत्तर आणि पूर्व उतारांवर, दाट सावलीत ती जाड आहे. दक्षिण उतारांवर ऊन, वणवे आणि उघडी जमीन यांमुळे ती पुष्कळशी धुऊन खाली गेली. त्यामुळे एकाच टेकडीच्या एका अंगाला सिडर आणि हेमलॉक, तर दुसऱ्या अंगाला विरळ पाइन आणि डग्लस फर असे चित्र दिसते. उन्हाचा वाटा त्यात आहेच, पण मातीचाही आहे. आमच्याकडे उन्हाळा कोरडा जातो. जुलै ते सप्टेंबर पाऊस नावापुरताच. हिमोढाची दगडाळ रेती पाणी धरत नाही, आणि तिच्याखाली बर्फाच्या भाराने दाबला गेलेला थर इतका घट्ट असतो की मुळे त्यात शिरत नाहीत. वितळलेल्या बर्फाचे पाणी उन्हाळाभर पुरवते ती वरची राख. म्हणून झाडाची बारीक मुळे बहुतेक तिच्यातच दाटलेली असतात आणि मोठा वारा आला की तुमच्या हेमलॉकसारखे झाड मुळांच्या पसरट चकतीसकट उलथते.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते सांगते. या मातीची घनता दर घन सेंटिमीटरला ०.९ ग्रॅमच्याही खाली असते; म्हणजे ती मुख्यतः पोकळ्यांचीच बनलेली आहे. अवजड यंत्र ओल्या दिवसांत तिच्यावरून गेले की त्या पोकळ्या मिटतात, आणि काळ्या मातीसारखी फुगून-आक्रसून स्वतःला मोकळे करण्याची ताकद हिच्यात नाही. ओंडके ओढून नेण्याच्या एका जुन्या वाटेवर मी दरवर्षी जाते. ती वापरातून जाऊन माझ्या नोकरीहून अधिक वर्षे झाली. तरी तिच्यावरचे लार्च माझ्या खांद्याइतके आहेत, आणि पाच पावलांवर, न दाबलेल्या मातीतले त्याच वयाचे लार्च पाहायला मान वर करावी लागते. लाकूड काढायचेच असेल तर जमीन गोठलेली आणि बर्फाने झाकलेली असताना काढा, यंत्रांच्या वाटा आधीच ठरवून द्या, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते. राख वाहून गेली तर ती परत आणायला दुसरा मझामा लागेल.

मृदावेध ताई, प्रत्यक्ष जंगलात आम्ही फ्लोराइडची चाचणी करतो. सोडियम फ्लोराइडच्या द्रावणात माती टाकली की सामू (pH) झटकन ९.४ च्या वर जातो आणि चाचणीचा दर्शक कागद लाल होतो. सातारकरांच्या प्रश्नाला ती चाचणी पुरेशी नाही का?

मृदावेध

वनवाटा, राखेचे पांघरूण किती खोल आहे हे तपासायला तुमची चाचणी उत्तम आहे, पण या प्रश्नासाठी ती फसवेल. ती राख ओळखत नाही. मोकळे, क्रियाशील ॲल्युमिनियम ओळखते. पॉडझॉलमधल्या गंजाच्या थरातही ते भरपूर असते, त्यामुळे राख नसतानाही कागद लाल होतो. उलट १४८० च्या आसपासची राख अजून इतकी कमी झिजलेली आहे की ती अस्सल असूनही चाचणीत जवळजवळ गप्प बसेल. शिवाय ते द्रावण विषारी आहे. हौशी माणसाने पाठपिशवीत घेऊन फिरू नये.

सातारकर_सिएटल

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या शनिवारी भिंग घेऊन मी पुन्हा त्याच झाडापाशी गेलो. काहीही खणले नाही. मुळांच्या चकतीवरून आपोआप गळून पडलेली चिमूटभर माती तळहातावर घेतली, पाहिली आणि तिथेच टाकली.

बोटांत चोळल्यावर ती रांगोळीसारखी करकरीत लागली. भिंगातून पांढरे, सच्छिद्र कण दिसले. पाय घासायला बाजारात मिळतो त्या हलक्या दगडाचा जणू चुरा. बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन त्यात कोरडे कण सोडले, तर काही बुडाले आणि काही तरंगत राहिले. पट्ट्यात एकही खडा नव्हता. खालची काळसर रेघ मला पहिल्या भेटीत दिसलीच नव्हती. ती करंगळीहून बारीक आहे आणि तिच्यात कोळशाचे दोन तुकडे होते. त्याखालच्या तपकिरी मातीत वेगळे थर मला ओळखता आले नाहीत.

म्हणजे ही राखच, असे मी समजतो. मग हिमोढ १४८० च्या सुमाराचा म्हणावा का?

मृदावेध

राख याबद्दल आता मला शंका नाही, आणि वर्णन ‘डब्ल्यू’ थराशी जुळते. पण वयाचे तसे नाही. राख हिमोढाच्या वर आहे, म्हणून हिमोढ १४८० च्या आधीचा, एवढेच तिच्यावरून ठरते. किती आधीचा, हे खालच्या थरांवरून शोधायचे. रेनियरवर क्रॅन्डेल आणि मिलर या भूशास्त्रज्ञांनी हीच रीत वापरली. ज्या हिमोढांवर सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचा रेनियरचा ‘आर’ थर मिळतो ते त्याहून जुने. ज्यांवर ‘सी’ आणि ‘डब्ल्यू’ आहेत पण ‘वाय’ नाही ते ‘वाय’ आणि ‘सी’ यांच्या मधल्या काळातले. आजच्या हिमनद्यांच्या तोंडाजवळ अलीकडच्या काही शतकांतले जे हिमोढ आहेत, त्यांतल्या बहुतेकांवर ‘डब्ल्यू’ही नाही, तिथे झाडांच्या वाढकड्या मोजतात. निस्क्वाली हिमनदीचा एक हिमोढ तसाच १८४० च्या सुमाराचा ठरला आहे.

थर दिसला नाही म्हणजे तो पडलाच नव्हता, असे मात्र मानू नका. तीव्र उतारावरून तो घसरून जातो, उन्मळणारी झाडे त्याला खालच्या मातीत कालवून टाकतात. तुमच्या तपकिरी मातीत तेच झाले असण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय व्हाइट रिव्हरच्या तळाशी सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी रेनियरवरून ओसिओलाचा प्रचंड चिखललोट वाहिला. त्याने झाकलेल्या भागात मझामाची राख पृष्ठभागालगत शोधणे व्यर्थ आहे; ती असलीच तर त्या चिखलाखाली. तुमचा हिमोढ त्या लोटाच्या पातळीच्या वर असेल, तर वाटेच्या कडेला थोडा सपाट, सावलीचा, जुनी झाडे न पडलेला तुकडा शोधा. दगड सुरू होण्याच्या लगेच वर मैद्यासारखा मऊ, फिकट नारिंगी थर सापडला, तर तुमच्या पायाखालचा हिमोढ किमान ७,७०० वर्षांचा आहे.