मदत हवी आहे: विमा नाही, हॉस्पिटलच्या बिलात चुका आहेत, हप्त्यांच्या करारावर सही करावी का?

रुग्ण घरी आलाय, निम्मं बिल बाकी. बाबवार बिल मागून डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या नोंदींशी ताडलं: एक रक्ततपासणी दोनदा लावलीय, परत केलेली औषधं वजाच नाहीत. लेखी हरकत दिली, पोच घेतली. बिलिंगवाले म्हणतात, आधी भरा, मग बघू. (भरल्यावर कोण बघतं?) बिनव्याजी हप्ते द्यायला तयार आहेत, पण करारात ‘संपूर्ण बिल मान्य’ असं वाक्य आहे. क्रेडिट कार्ड, कर्ज सुचवू नका. वाद मिटायच्या आधीच व्याज चढायला लागतं.

ते वाक्य खोडून, वाद नसलेल्या रकमेपुरतेच हप्ते कुणी मान्य करून घेतलेत का? नेमके कोणते शब्द घातले? आणि सवलतीचा अर्ज सहीआधीच द्यावा का?