दर १० मिलिसेकंदांनी कोड चालवायचाय, डेस्कटॉपवर विसंबावं का?

पंपवाला:
पंपाच्या पाइपलाइनमधला दाब दर १० मिलिसेकंदांनी वाचायचा, एवढंच काम. विंडोजवर लूप लिहिलं, आत स्लीप(१०), म्हणजे १० मिलिसेकंद थांब. तासाभरात ३,६०,००० नोंदी हव्या होत्या, मिळाल्या जेमतेम २,३०,०००. माझं मत पक्कं झालंय: नेमक्या वेळेचं काम डेस्कटॉपकडे देऊच नये. पोरांना शिकवतानाही पहिल्या दिवसापासून मायक्रोकंट्रोलरच (एका चिपवरचा छोटा संगणक) हातात द्यावा.

टिकटिक:
अजिबात पटलं नाही. दोष कुठे आहे ते तुमचा आकडाच सांगतोय. विंडोजचा टायमर मुळात सेकंदाला ६४ ठोके देतो, म्हणजे १५.६२५ मिलिसेकंदांना एक. स्लीप(१०) लिहिलं तरी जाग पुढच्या ठोक्यालाच येते. तासाचे ठोके मोजा: २,३०,४००. टाइमबिगिनपीरियड(१) हे विंडोजचं फंक्शन लावलंत तर ठोका १ मिलिसेकंदावर येईल.

पण त्याहून मोठी चूक वेगळीच आहे. ‘आतापासून १० मिलिसेकंद झोप’ असं सांगितलं की वाचनाला लागणारा वेळ दर फेरीला वर चढतो आणि साठत जातो. सुरुवातीची वेळ एकदाच टिपा. शंभराव्या फेरीची वेळ म्हणजे सुरुवात अधिक १००० मिलिसेकंद. त्या क्षणापर्यंतच झोपायचं. लिनक्सवर झोपवणाऱ्या क्लॉक_नॅनोस्लीप फंक्शनला टायमर_ॲबस्टाइम (ठरलेल्या क्षणापर्यंत झोप) हा पर्याय दिला की हेच होतं. घड्याळ मात्र मोनोटॉनिक, म्हणजे फक्त पुढेच जाणारं घ्या, नाहीतर कुणी सिस्टीमची वेळ बदलली की सगळं कोलमडेल. हे पोरांना डेस्कटॉपवरच शिकवायला हवं, कारण मायक्रोकंट्रोलरवरही डिले(१०) लिहून तीच चूक करता येते.

पंपवाला:
डिलेचं मान्य. एकूण नोंदीही जुळतील. पण मला फूरिए (दाबात कुठल्या वारंवारतेची कंपनं आहेत ते काढणारं गणित) करायचंय, त्याला दोन नोंदींमधलं अंतर सारखं लागतं. मध्येच अँटिव्हायरस जागा झाला आणि एक फेरी ३० मिलिसेकंद उशिरा आली, तर सरासरी घेऊन काय करू?

टिकटिक:
प्रत्येक नोंदीबरोबर क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटर या विंडोजच्या बारीक घड्याळाची वेळ लिहा, म्हणजे उशीर निदान दिसेल. आणि लिनक्सचा पर्याय आहेच: वेळेचं काम लांबू न देणारी प्रीएम्प्ट_आरटी ही सोय २०२४ मध्ये ६.१२ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) मुख्य प्रवाहात आली. लिनक्ससीएनसी या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर साध्या पीसीवरून मिलिंग मशीन चालतात.

लेथमास्तर:
चालतात, मीही चालवतो. पण तिथला अनुभव पूर्ण सांगायला हवा. मशीन जोडण्याआधी लेटन्सी टेस्ट, म्हणजे उशीर मोजणारी चाचणी लावतो, वर मुद्दाम व्हिडिओ, फाइल कॉपी, सगळं चालू ठेवतो. बघायचा तो सर्वांत मोठा उशीर. सरासरीवर टूल मोडतं. काही मदरबोर्ड एसएमआय नावाचा व्यत्यय आणतात, तो ऑपरेटिंग सिस्टीमच्याही हाताबाहेर असतो. त्या बोर्डांवर प्रीएम्प्ट_आरटीही हतबल. १ मिलिसेकंदाचं सर्व्हो लूप (मशीनची जागा तपासून हालचाल सुधारणारी फेरी) मी बिनधास्त पीसीवर ठेवतो, स्टेपर मोटरला पाऊल-पाऊल फिरवणाऱ्या पल्स मात्र वेगळ्या कार्डावर.

पंपवाले, तुमच्या कामाला एडीसीचं (सेन्सरचा विद्युत संकेत आकड्यात बदलणारी चिप) सॅम्पलिंग, म्हणजे नोंदी घेणं, हार्डवेअर टायमरवर सोडा. पीसीने १०० नोंदींचा गठ्ठा एकदम उचलावा. मग पीसी ३० मिलिसेकंद उशिरा आला तरी अंतर बिघडत नाही.

पंपवाला:
गठ्ठ्याचं पटलं. म्हणजे टायमर शेवटी पीसीबाहेरच गेला, माझं म्हणणं तेच होतं.

टिकटिक:
तुमच्या फूरिएपुरता गेला. टाकीची पातळी सेकंदातून एकदा वाचायलाही वेगळा बोर्ड लावायला सांगाल, तर मी पुन्हा भांडेन.