मदत हवी आहे: शब्द एक सांगतात आणि चित्रं भलतंच, अशी चित्रपुस्तकं

घरात लहान मूल नाही. चित्रपुस्तकं मी माझ्यासाठीच वाचते. पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’मध्ये (१९६८) कोंबडी फिरायला निघते, एवढंच शब्द सांगतात. तिच्या मागावरचा कोल्हा फक्त चित्रांत! दाताळ्यावर त्याचा पाय पडतो, दांडा थेट तोंडावर बसतो, आणि ही आपली पुढे. कितीदा पाहिलं तरी मन भरत नाही.

वयोगटानुसार शोधून पाहिलं, पण बोधकथाच जास्त मिळाल्या. काहींनी मोठ्यांच्या ग्राफिक कादंबऱ्या सुचवल्या. त्या आवडतात, पण आत्ता नकोत. मला बत्तीसेक पानांचं, चार-पाच वर्षांच्या मुलांसाठीचंच पुस्तक हवंय. मराठी, हिंदी, इंग्रजी, कुठलंही चालेल. शब्दांनी दडवलेलं चित्रांत सापडतं, अशी आणखी कोणती पुस्तकं तुम्ही वाचली आहेत?