मदत हवी आहे: कासच्या इवल्या फुलांसाठी सोनी आरएक्स१०० पुरेल का?

रानपाऊल:
नमस्कार. सप्टेंबरमध्ये कास पठारावर जायचं आहे. जवळ सोनीचा आरएक्स१०० आहे, अगदी पहिला, २०१२चा. सध्या पूर्ण ऑटोवर आणि जेपेगमध्येच वापरते. तेरडा आणि सोनकी बरी येते, पण सीतेची आसवं किंवा गेंद एवढं लहान फूल समोर आलं की फोकस मागच्या गवतावर जातो. झूम करून जवळ गेलं तर फोकस लागल्याची हिरवी चौकट येतच नाही. जांभळी फुलं निळी दिसतात, सोनकीच्या पाकळ्या नुसत्या पिवळ्या पट्ट्या होतात. कास म्हणजे धुकं आणि पाऊस असणारच, तेव्हा हा कॅमेरा बाहेर काढावा का हाही प्रश्न आहे. ऑलिम्पस टीजी-६ घ्या असं काही जण सुचवतात. डीएसएलआर नको, वजन झेपत नाही. कृपया नेमकं सांगा.

भिंगकाम:
रानपाऊल, कॅमेरा बिघडलेला नाही, या लेन्सची रचनाच तशी आहे. झूम पूर्ण मागे (२८ मिमी) असताना ती ५ सेंमीवर फोकस करते. झूम पूर्ण पुढे (१०० मिमी) नेला की हेच अंतर ५५ सेंमी होतं. म्हणजे झूम करून जवळ गेलं की हिरवी चौकट येणारच नाही.

आता हिशेब बघा. सेन्सर १३.२ × ८.८ मिमी आहे. झूम मागे ठेवून ५ सेंमीवर गेलात तर फोटोच्या चौकटीत ढोबळ मानाने साडेसहा-सात सेंमी रुंदीचा भाग मावतो. एक सेंमीचं फूल त्यात सुमारे ८०० पिक्सेल रुंद येतं, पूर्ण फोटो ५४७२ पिक्सेल रुंद असताना. पूर्ण झूमवर ५५ सेंमीवरून चौकट जवळपास १८ सेंमीची होते आणि तेच फूल ३०० पिक्सेलवर येतं. त्यामुळे इवल्या फुलाला झूम मागेच ठेवायचा. त्याचा त्रास असा की ५ सेंमीवर लेन्सची सावली फुलावर पडते, आणि २८ मिमीच्या रुंद कोनात मागचं सगळं गवत चौकटीत येतं.

फोकस गवतावर जातो त्याचं कारण ऑटो मोड. तो २५ बिंदूंपैकी कुठला पकडायचा हे स्वतः ठरवतो, आणि बारीक फुलापेक्षा गवताच्या कडा त्याला ठळक दिसतात. डायल ए (लेन्सचं छिद्र किती उघडायचं, म्हणजे एफचा आकडा, आपण ठरवतो) किंवा एमवर (शटरही आपणच ठरवतो) न्या, फोकस एरिया फ्लेक्सिबल स्पॉट करा (फोकसची जागा आपण निवडतो) आणि फोकस मोड डीएमएफ ठेवा (ऑटोनंतर हाताने जुळणी). शटर अर्धं दाबून ऑटो फोकस लागू द्या, मग बटण न सोडता लेन्सभोवतीची रिंग फिरवून बारीक जुळणी करा. मेन्यूत पीकिंग चालू केलंत तर धारदार कडांवर रंगाची रेघ दिसते. शेवटची जुळणी रिंगने न करता कॅमेराच अर्धा-एक सेंमी मागेपुढे हलवून करा. सलग पाच-सहा फोटो घेतले की एक तरी नेमक्या जागी बसतो.

रानपाऊल:
खूप आभार. झूमचा घोळ आता कळला. पण सावलीचं काय करायचं? क्लोजअप फिल्टर मिळतात ते या लेन्सवर बसतील का? पुढे आटे दिसत नाहीत.

भिंगकाम:
आटे नाहीतच. लेन्सच्या पुढच्या कडेला चिकटणारी पातळ रिंग आणि तिच्यावर बसणारा ४९ मिमीचा अडॅप्टर मिळतो. चिकटवताना कड कोरड्या कापडाने पुसून घ्या, रिंग अगदी मध्यावर बसवा, आणि लेन्स झाकणाऱ्या पात्यांना गोंद लागू देऊ नका. पाती अडकली की कॅमेरा उघडावाच लागतो.

क्लोजअप भिंगाचा खरा फायदा पूर्ण झूमवर होतो. +४चं भिंग (आकडा जितका मोठा तितकं भिंग जोरदार) लावून झूम १००वर नेलात तर सुमारे १७ सेंमीवरून सहा सेंमीची चौकट मिळते. म्हणजे फूल जवळपास तेवढंच मोठं, पण तुम्ही ५ ऐवजी १७ सेंमी दूर. सावली जाते, पार्श्वभूमी मऊ होते, आखलेल्या वाटेवरून हात पुढे करूनही काम भागतं. +१० लावलंत तर साडेआठ सेंमीवरून तीन सेंमीची चौकट येते, सीतेच्या आसवांसाठी हीच बरी. फक्त एका काचेच्या स्वस्त +१०मध्ये कडांना जांभळी-हिरवी झालर येते. दोन काचा जोडून केलेलं ॲक्रोमॅट घ्या. रेनॉक्सचं डीसीआर-१५० हे +४.८ आणि डीसीआर-२५० हे +८ आहे, दोन्ही चांगली. पण जड भिंग त्या छोट्या मोटारीच्या नळीवर लटकवून ठेवू नका. फोटोपुरतं लावा किंवा हाताने समोर धरा, आणि कॅमेरा बंद करण्याआधी काढा.

तीन सेंमीच्या चौकटीत एफ/८ला धारदार भाग दीड मिलिमीटरही नसतो, हेही लक्षात असू द्या. अख्खं फूल स्पष्ट येणार नाही. पाकळीचा सपाट भाग सेन्सरला समांतर येईल असा कॅमेरा धरा. एफ/११ टाळा, या सेन्सरवर एफ/८च्या पुढे सगळाच फोटो मऊ पडू लागतो.

ढगाळ_दुपार:
रंगाबद्दल. चौकटभर हिरवं असलं की ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरा कशाला म्हणायचं हे ठरवणारी रंगाची जुळणी) दर फोटोला वेगळं ठरवतो. पांढरा कागद फुलाशेजारी धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. तेवढा वेळ नसेल तर 'क्लाउडी'वर ठेवा, निदान सगळे फोटो एकसारखे येतील. जेपेगसोबत रॉ (सेन्सरची मूळ, न दाबलेली माहिती) सुद्धा साठवा, कारण जेपेगमध्ये जांभळ्याचा निळा झाला की परत आणणं फार अवघड. सोनकीच्या पट्ट्या होतात कारण पिवळ्यात लाल रंगाचा भाग आधी भरून जातो आणि पाकळीचे बारकावे उडतात. गवत अंधारं असल्यामुळे कॅमेरा उजेड वाढवतो आणि फूल जळतं. एक्स्पोजर −०.७ ठेवा (ए मोडमध्ये; एममध्ये मीटर तेवढा खाली दिसेल असं शटर निवडा).

आकड्यांची सुरुवात अशी करा: एम मोड, एफ/५.६, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ४००. साध्या ढगाळ हवेत शटर १/५०० मिळतं. धुकं दाट झालं की १/१२५ ते १/२५०वर उतरतं. पठारावर वारा थांबत नाही, त्यामुळे १/२५०च्या खाली जाऊ नका, त्याऐवजी आयएसओ ८०० करा. एक इंची सेन्सरला ८०० सहज झेपतो, १६०० चालवून घेता येतो.

फ्लॅश विसरू नका. या कॅमेऱ्याचं शटर लेन्सच्या आत असल्यामुळे १/२०००लाही फ्लॅश जुळतो. ऊन पडलं तर १/१००० ठेवून फुलाच्या सावल्या उजळता येतात. पुढे टिश्यूचा एक पदर धरा, प्रकाश पसरतो. ५ सेंमीवर मात्र लेन्सची नळी फ्लॅश अडवते आणि फोटोच्या खालच्या भागात काळा अर्धगोल येतो.

घाटवारा:
पावसाचं मी सांगतो, कारण हे कॅमेरे बहुतेक इथेच मरतात. आरएक्स१००ला पाण्यापासून कुठलंच संरक्षण नाही. पडणारा थेंब जितका वाईट, त्याहून ओली नळी आत जाणं वाईट. लेन्स बाहेर असताना नळीवर थेंब बसतात, आपण कॅमेरा बंद करतो आणि ते पाणी नळीबरोबर आत जातं. म्हणून नियम एकच, आधी नळी सुती कापडाने पुसायची आणि मगच बंद करायचं. काढलेले फोटो बघायचे असतील तर बंद कॅमेऱ्यावर प्लेबॅकचं बटण दाबा, लेन्स बाहेर न येताच दिसतात. झूमही उगाच मागेपुढे करू नका, दर वेळी ती नळी दमट हवा आत ओढते आणि सोबत धूळही.

गाडीत एसी असेल तर साताऱ्यातून वर चढताना पिशवीची चेन बंद ठेवा. थंड कॅमेरा दमट हवेत काढला की काचेवर वाफ धरते. वर पोचल्यावर वीस मिनिटं पिशवीतच राहू द्या. आतल्या काचेवर वाफ आलीच तर बॅटरी आणि कार्ड काढा, कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. हेअर ड्रायर नको, त्याने पाणी आणखी आत सरकतं. तांदूळही नको, त्याची भुकटी नळीत जाते. परतल्यावरही कॅमेरा पावसाळाभर त्याच डब्यात ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी.

प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा छत्री धरणारा सोबती केव्हाही चांगला.

खडकफूल:
मला इथे टीजी-६ची बाजू मांडायचीय. तो १५ मीटर पाण्याखाली चालतो आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून १ सेंमीवर, झूम करूनही, फोकस करतो. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) कॅमेऱ्यातच होतं, म्हणजे वर सांगितलेल्या दीड मिलिमीटरची अडचण बरीच सुटते. एलजी-१ नावाची कडी लावली की त्याच्याच एलईडीचा प्रकाश लेन्सभोवती गोल पसरतो. रॉ पण देतो. प्रश्न फक्त इवल्या फुलांचा आणि पावसाचा असेल तर टीजीच.

भिंगकाम:
फुलांपुरतं मान्य. पण टीजीचा सेन्सर १/२.३ इंची, क्षेत्रफळ आरएक्स१००च्या साधारण चौथ्या भागाएवढं. धुक्यातलं पठार किंवा संध्याकाळचा कास तलाव काढताना हा फरक उघड दिसतो. रानपाऊल यांच्याकडे कॅमेरा आधीच आहे, तेव्हा आधी भिंगावर खर्च करावा असं माझं ठाम मत आहे.

रानपाऊल:
ठरलं, दोन काचांचं भिंग आणि अडॅप्टर घेते, टीजी सध्या नाही. एकच शेवटचं: स्क्रीन हलत नाही, मग जमिनीलगतचं फूल झोपल्याशिवाय दिसणार कसं? आणि बॅटरी?

ढगाळ_दुपार:
झोपू नका, दर फोटोमागे शेजारची दहा रोपं चिरडतात. वाटेच्या कडेला उंच खडकावरचं फूल निवडा, किंवा कॅमेरा उलटा धरून लेन्स जमिनीजवळ आणा आणि फोटो नंतर फिरवा. स्क्रीनचा उजेड 'सनी वेदर'वर ठेवलात तर वाकडं बघूनही पीकिंगच्या रेघा दिसतात. एवढ्या उजेडाला बॅटरी लवकर उतरते. या कॅमेऱ्याची एनपी-बीएक्स१ बॅटरी कागदोपत्री ३३० फोटोंची आहे, पीकिंग लावून रेंगाळत काढताना त्याहून बरीच कमी चालते. दोन जादा ठेवा. चार्जिंग मायक्रो यूएसबीने कॅमेऱ्यातच होतं, पण तेवढा वेळ कॅमेरा अडकून राहतो, म्हणून बाहेरचा चार्जर घ्या.