तांबड्या समुद्रातील हुथींना केवळ इराणचे हस्तक म्हणणे कितपत योग्य आहे?

प्रश्न

आमचे कुटुंब निफाड तालुक्यात निर्यातक्षम द्राक्षे पिकवते. २०२४ च्या हंगामात न्हावाशेवा बंदरातून निघालेले आमचे कंटेनर सुएझ कालव्याऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपला गेले; प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला आणि मालभाडेही वाढले. येमेनमधील हुथींनी जहाजांवर केलेल्या हल्ल्यांमुळे हे घडले, एवढे मला ठाऊक आहे. मात्र ‘इराणच्या इशाऱ्यावर चालणारे बंडखोर’ यापलीकडे बातम्यांतून काही कळत नाही. गाझातील युद्धाशी या गटाचा नेमका संबंध काय आणि अमेरिकी नौदलालाही त्यांना का आवरता आले नाही, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

प्रतिसाद १

‘हस्तक’ या शब्दाने येमेनचा स्वतःचा इतिहास झाकला जातो. शिया पंथाच्या झैदी शाखेचे इमाम १९६२ पर्यंत उत्तर येमेनवर राज्य करत होते. प्रजासत्ताक आल्यानंतर झैदींचे मूळ ठिकाण असलेल्या उत्तरेकडील सादा प्रांताची उपेक्षा झाली, सौदी अरेबियाच्या आश्रयाने कट्टर सुन्नी प्रचारही तेथे वाढला आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून १९९० च्या दशकात हुथींची ही चळवळ उभी राहिली. २००४ पासून ती अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह यांच्या सरकारशी लढत होती. सप्टेंबर २०१४ मध्ये तिने राजधानी साना ताब्यात घेतली आणि मार्च २०१५ मध्ये सौदी आघाडीची विमाने येमेनवर बॉम्बफेक करू लागली. त्यानंतरच्या युद्धात आणि उपासमारीत सामान्य येमेनी माणसाचे जे हाल झाले, त्यांची जगाने पुरेशी दखल घेतली नाही, याची मला आजही खंत वाटते.

एप्रिल २०२२ च्या शस्त्रसंधीनंतर हुथींना शत्रूवर बोट दाखवून पगार, वीज आणि पाणी यांविषयीचे प्रश्न टाळणे कठीण होऊ लागले होते. पॅलेस्टाईनविषयीची आस्था मात्र येमेनमध्ये हुथींच्या विरोधकांनाही आहे. त्यामुळे १९ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘गॅलेक्सी लीडर’ हे इस्रायलशी संबंध असलेले जहाज पकडून त्यांनी देशांतर्गत प्रतिष्ठाही कमावली, असे माझे मत आहे.

प्रतिसाद २

वरील इतिहास मला मान्य आहे, परंतु त्यामुळे इराणचा वाटा लहान ठरत नाही. जहाजविरोधी क्षेपणास्त्रे आणि त्यांचे सुटे भाग पुरवणारा, ती चालवण्याचे प्रशिक्षण देणारा देश इराणच आहे. निर्णय हुथींचे असले, तरी ते अमलात आणण्याची ताकद बाहेरून आली आहे. शिवाय लक्ष्य झालेल्या अनेक जहाजांचा इस्रायलशी काहीही संबंध नव्हता. मार्च २०२४ मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावरील हल्ल्यात तीन खलाशी मारले गेले आणि उरलेल्यांना भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने वाचवले. पॅलेस्टिनी जनतेविषयीची सहानुभूती खरी असली, तरी पोटासाठी समुद्रावर गेलेल्या माणसांचे जीव घेणे तिच्या नावाने समर्थनीय ठरू शकत नाही.

प्रतिसाद ३

नौदलाच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे भूगोलात आहे. तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाची बाब-एल-मांदेबची सामुद्रधुनी जेमतेम ३० किलोमीटर रुंद आहे आणि तिच्या उत्तरेकडील येमेनचा बराचसा किनारा आणि त्यामागचे डोंगर हुथींकडे आहेत, त्यामुळे तेथून जाणारे प्रत्येक जहाज त्यांच्या माऱ्याच्या टप्प्यात येते. याच जलमार्गावर नजर ठेवणारे येमेनमधील एडन बंदर ब्रिटिशांनी १८३९ मध्ये घेतले आणि पुढे सुमारे ९० वर्षे त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालवला, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते.

स्वस्त ड्रोन पाडण्यासाठी नौदलाला त्याच्या कितीतरी पट महागडे क्षेपणास्त्र खर्चावे लागते. त्यातून शंभरांतील एक ड्रोन जरी निसटला, तरी विमा कंपन्या हप्ता वाढवतात आणि जहाज कंपन्या लांबचा मार्ग धरतात. मे २०२५ मध्ये ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि हुथी यांच्यात समझोता झाला, पण त्याने इतर देशांच्या जहाजांना संरक्षण मिळाले नाही. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजे बुडवण्यात आली. त्यामुळे शस्त्रसंधीची बातमी आली की लगेच आपले कंटेनर सुएझमार्गे जातील, असे गृहीत धरून आपण खरेदीदाराशी तारखांचा करार करू नये.